हेडात अडकलेला तुकडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

डिझेल इंजिनाचे काम करणाऱ्या कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, तुम्हाला घाम कधी फुटतो? क्रँक उतरवताना नाही, पिस्टन बसवताना नाही. घाम फुटतो तो पान्याखालचा बोल्ट अचानक हलका झाला की. इतका वेळ जाम बसलेला बोल्ट एकदम सैल फिरतो, क्षणभर वाटते सुटला, आणि हातात येतो तो अर्धाच. उरलेला अर्धा सिलिंडर हेडच्या आत. मग थोडा वेळ गॅरेजमध्ये कोणी काही बोलत नाही. पोऱ्याला चहा सांगितला जातो.

आज बोलायचे आहे ते त्या आत राहिलेल्या अर्ध्या तुकड्याबद्दल. यंत्रांचा इतिहास सांगताना आपण शोध लावणाऱ्यांची नावे घेतो. त्यांनी घट्ट बसवलेली वस्तू पुढे कोणाला तरी सोडवावी लागते, त्या खटपटीची नोंद सहसा कुठे होत नाही. पण या खटपटीतून विसाव्या शतकात कारखानदारीतली एक संपूर्ण नवी पद्धत जन्माला आली. तिच्याकडे मी येणारच आहे. त्याआधी हेड म्हणजे काय, ते पाहू.

सिलिंडर म्हणजे नळकांडे. त्यात खालून पिस्टन वर येतो आणि वरून झाकण असते, ते हेड. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन आतली हवा दाबून दाबून तिचे आकारमान पंधरा-वीस पटींनी कमी करतो. हवा त्यामुळेच इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा उडवला की ते आपोआप पेट घेते. हा सारा भडका झेलायचा असतो हेडने. एक साधा हिशेब करून पाहा. मोटारीच्या डिझेल इंजिनातला सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा धरला आणि भडक्याचा दाब वातावरणाच्या दीडशे पट धरला, तर त्या झाकणाला खालून बसणारा धक्का साडेसात टनांच्या आसपास जातो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमागे असे हजार धक्के मिनिटाला. आणि याच झाकणाला भोके पाडावी लागतात. हवा आत घेण्यासाठी एक व्हॉल्व्ह, धूर बाहेर टाकण्यासाठी दुसरा, डिझेल उडवण्यासाठी इंजेक्टर, आणि हे झाकण खाली आवळून धरणाऱ्या स्टडांची भोके वेगळीच. म्हणजे जिथे सर्वांत जास्त आग, तिथेच सर्वांत जास्त सांधे. तिथे वस्तू अडकणार नाही तर कुठे?

स्वतः रुडॉल्फ डिझेल यांना या जागेचा धाक पहिल्याच दिवशी कळला होता. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथील कारखान्यात १० ऑगस्ट १८९३ रोजी त्यांच्या प्रायोगिक इंजिनात प्रथम इंधनाचा भडका उडाला आणि दाब मोजण्यासाठी बसवलेले उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात वाचले. त्यांना मात्र आनंद झाला, कारण नुसत्या दाबाने इंधन पेटते हे सिद्ध झाले होते. १८९७ च्या अधिकृत चाचणीत या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लावली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मे साधले तरी पुष्कळ होते.

त्या पहिल्या इंजिनांत डिझेल आत उडवायला दाबाखालची हवा लागे, आणि ती हवा पुरवणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या अंगावरच बसवलेला असे. असले धूड जहाजात किंवा वीजघरातच शोभावे. ते लहान करायचे तर आगीची जागा बदलायला हवी होती. मॅनहाइमच्या बेंझ कंपनीतले अभियंते प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये एका युक्तीचे पेटंट घेतले. मुख्य सिलिंडरच्या आधी हेडमध्येच एक लहानशी कोठडी करायची, इंधन प्रथम तिथे पेटवायचे आणि ती ज्वाला खाली सिलिंडरमध्ये सोडायची. पुढे १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून डिझेल उडवणारे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले आणि इंजिन लॉरीत मावेल इतके आटोपशीर झाले. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेलवर चालणारी मोटार बाजारात आली.

पण कोठडी थंड असली की इंजिन सुरू होईना. म्हणून प्रत्येक कोठडीत विजेने तापणारी एक कांडी बसवली, ती ग्लो प्लग. चावी फिरवायची, कांडी लाल होईपर्यंत थांबायचे, मग स्टार्टर मारायचा. या थांबण्याला जर्मन लोक गमतीने 'रुडॉल्फ डिझेल यांच्या स्मृतीसाठी एक मिनिट शांतता' म्हणत. आणि हेडमध्ये अडकणाऱ्या वस्तूंच्या यादीत आणखी एकीची भर पडली. प्रत्येक सुधारणा हेडमध्ये एक नवे भोक पाडून गेली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आपल्याकडे या इंजिनाची ओळख रस्त्यावर झाली त्याहून अधिक विहिरीवर झाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन तयार झाले होते. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, उसाची गुऱ्हाळे, कोकणातले मचवे, सगळीकडे 'आईल इंजिन' पोहोचले. शिवाय इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीचे संथ चालीचे इंजिन होते, आणि त्याच्या राजकोटला बनणाऱ्या असंख्य नकला. १९३० च्या आसपास आलेल्या या लिस्टरच्या हेडवर एक लहान हातचाक असे. सुरू करताना ते आवळले की आतल्या कोठडीचा एक भाग बंद होई, दाब वाढे आणि गारठ्यातही इंजिन पटकन धरी. तापल्यावर चाक सैल करायचे, असा नियम. पण ज्याला पाण्याची पाळी गाठायची आहे तो कशाला हे चाक फिरवत बसतो? वर्षभर ते एकाच जागी राहिले की आत काजळी धरे आणि मग ते फिरेनाच. पुढच्या अनेक नकलांत हे चाक गाळूनच टाकले.

ऐन रब्बीत इंजिन बंद पडले की हेड उतरवायचे, पोत्यात गुंडाळायचे आणि एसटीच्या टपावर टाकून तालुक्याला न्यायचे, हा प्रकार आमच्या पिढीने पाहिला आहे. स्टड काढताना मोडला आणि मिस्त्रीचा ड्रिल तिरका गेला, तर भोक पाण्याच्या पोकळीत फुटे आणि हेड भंगारात. नवे हेड येईपर्यंत गहू थांबत नसे. तेव्हा हा तुकडा सरळ निघतो की नाही, यावर एखाद्या घराचे वर्ष अवलंबून असे.

वस्तू अडकते कशी, याची कारणे तीन-चार आहेत. पहिला अर्थातच गंज. लोखंड गंजले की फुगते, आणि फुगायला जागा नसली की आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखे बसते. मचव्यावरच्या इंजिनाला खाऱ्या हवेमुळे हा त्रास दुप्पट. दुसरी काजळी. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा एक पातळ वायसर असतो. तो नीट बसला नाही, की भडक्याचा वायू इंजेक्टरच्या अंगालगत वर चढतो आणि आपल्याबरोबर अर्धवट जळलेले डिझेल नेतो. त्याचे आधी डांबर होते, मग दगड. नव्या मोटारींवर काम करणारे परदेशी मेकॅनिक याला 'ब्लॅक डेथ' म्हणतात. युरोपातल्या मध्ययुगीन प्लेगचे हे नाव, त्यावरून त्रासाची कल्पना यावी. तिसरे कारण अ‍ॅल्युमिनियम. वजन वाचवण्यासाठी मोटारींची हेडे बिडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमची झाली. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, आणि दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात बारीकसा विजेचा घट तयार होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि सिमेंटसारखे काम करते.

आता मिस्त्री काय करतो? चांगला मिस्त्री आधी काहीच करत नाही. तो रॉकेल किंवा पातळ तेल सोडतो आणि हेड रात्रभर तसेच ठेवतो. तेलाला आट्यांतून उतरायला वेळ लागतो आणि त्या वेळेला पर्याय नाही. दुसऱ्या दिवशी तो बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके देतो, तोडण्यासाठी नव्हे, गंजाला तडा जावा म्हणून. मग पाना लावून आधी आवळण्याच्या दिशेला किंचित, मग सोडण्याच्या दिशेला, पुन्हा आवळण्याच्या. पाव फेरा पुढे, अर्धा मागे. बघणाऱ्याला कंटाळा येतो. ग्लो प्लग असेल तर इंजिन गरम असतानाच तो सोडवायचा, आणि जोर मोजणारा पाना वापरायचा. दहा मिलिमीटर आट्यांच्या ग्लो प्लगला साधारण ३५ न्यूटन-मीटरच्या पुढे पिळले की तो मोडू शकतो. लांब दांडीच्या पान्याने इतका जोर सहज लागतो. लहान मुलगाही लावील.

हेडच स्टडांवर जाम बसले असेल तर त्यावर जुन्या मिस्त्रींची एक गंमतीची तोड आहे. नट थोडे सैल करायचे, काढायचे नाहीत, आणि इंजिन हाताने फिरवायचे. आतली दाबलेली हवाच हेडला खालून ढकलून सुटे करते. हाच प्रयोग काही जण इंजेक्टरवर इंजिन चालू करून करतात. तो करू नये. सुटलेला इंजेक्टर कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

उष्णतेची विद्या मात्र खरी विद्या. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवणारा लोहार आठवा. धाव तापवून मोठी करायची, लाकडी चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचे. ती आकसून चाकाला मिठी मारते. हेडमधली वस्तू काढताना हेच उलटे करायचे असते. मोडक्या स्टडचे टोक थोडे वर असेल तर त्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंगने जोडतात. वेल्डिंगच्या आचेने स्टड फुगायला पाहतो, भोवतीचे थंड बीड त्याला फुगू देत नाही, तो आतल्या आत चेपला जातो, आणि थंड होताना मूळ मापापेक्षा किंचित बारीक होतो. गंजाची पकड सुटते. शिवाय पाना लावायला नवा नट आयता मिळतो. तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवली, तर मेण वितळून आपोआप आत ओढले जाते. महागड्या तेलाहून हे पुष्कळदा बरे काम करते. दाबून बसवलेली व्हॉल्व्हची सीट काढायची असेल तर तिच्या आतल्या कडेने वेल्डिंगचा एक वेढा फिरवतात. थंड होताना सीट आकसते आणि बोटांनी उचलता येते. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला ती नजरबंदी वाटली होती.

अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर मात्र ज्योत जपून. लोखंड लाल होऊन इशारा देते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि वितळण्याआधी रंग बदलून सांगतसुद्धा नाही.

हे सगळे हरले की ड्रिल. मोडलेल्या तुकड्याच्या बरोबर मध्यावर पंच मारायचा, बारीक भोक पाडायचे आणि त्यात 'इझी आउट' घालायचा. हा उलट्या आट्यांचा निमुळता, कडक पोलादाचा खिळा. सोडवण्याच्या दिशेने फिरवला की तो तुकड्यात रुतत जातो. नाव इझी आउट, पण इतक्या फसव्या नावाचे दुसरे हत्यार माझ्या माहितीत नाही. कारण ते कडक असते, म्हणून ठिसूळही. जोर थोडा जास्त झाला की तेच आत मोडते. आधी आत मऊ पोलादाचा तुकडा होता, आता त्याच्या पोटात ड्रिलइतकाच कडक तुकडा बसला. त्यावर ड्रिल चालत नाही, घसरून भोवतालचे मऊ हेड मात्र खाते. आटे पाडताना टॅप मोडला तरी हीच गत.

जुन्या घड्याळजींना यावर एक उपाय ठाऊक होता, तो म्हणजे तुरटी. पितळी भागात पोलादी स्क्रू मोडला की ते तो भाग तुरटीच्या गरम पाण्यात ठेवत. तुरटी पोलादाला हळूहळू खाते, पितळेला जवळजवळ शिवत नाही. अ‍ॅल्युमिनियमलाही ती फारशी शिवत नाही, म्हणून मोकळ्या केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर ही युक्ती चालते. बिडाच्या हेडवर तिचा उपयोग नाही, तिथे तुकड्याबरोबर हेडही खाल्ले जाईल.

आता १९४० च्या दशकात जाऊ. दुसरे महायुद्ध चालू होते. विमाने, मोटारी, तोफा यांचे अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव भाग घाईघाईने तयार होत होते आणि त्यांत ड्रिल आणि टॅप धडाधड मोडत होते. प्रत्येक मोडका टॅप म्हणजे जवळजवळ तयार झालेला एक भाग वाया. अमेरिकेत हॅरॉल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर या तिघांनी हे अडकलेले तुकडे काढण्यासाठी यंत्र बनवायला घेतले. धातूवर विजेने नावे कोरण्याचे एक हत्यार तेव्हा मिळत असे, त्याच्या ठिणगीने टॅप जाळता येतो का, हे त्यांनी पाहिले. ठिणगी फारच दुबळी निघाली. मग त्यांनी जोरदार ठिणगी घेतली, ती आपोआप पुनःपुन्हा पडेल अशी विद्युतचुंबकी योजना केली आणि जळलेला कचरा वाहून नेण्यासाठी द्रव फिरता ठेवला. सेकंदाला साठ ठिणग्या पडू लागल्या. कितीही कडक टॅप असो, ठिणगीला त्याच्या कडकपणाशी कर्तव्य नव्हते. मधला गाभा जळून गेला की कडेचे कण टोचून काढता येत, आणि भोवतीच्या आट्यांना ओरखडाही न येई.

त्याच सुमारास मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे शास्त्रज्ञ दांपत्य उलट्या बाजूने याच ठिणगीपाशी पोहोचले. त्यांना ठिणगी हवी नव्हती, नको होती. विद्युत संपर्काची टंगस्टनची टोके ठिणग्यांनी झिजून जात, आणि युद्धकाळात मोटारींची इंजिने चालू ठेवण्यात हा मोठाच अडथळा होता. ही झीज थांबवायची कशी, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी ती टोके तेलात बुडवून पाहिली. झीज थांबली नाही, पण ठिणग्या अधिक एकसारख्या आणि नेमक्या पडू लागल्या. मग त्या दोघांनी प्रश्नच फिरवला. झीज थांबत नाही ना, मग ती हवी तिथे, हवी तितकी करू. १९४३ मध्ये त्यांनी ठिणगीने धातू कोरण्याची पद्धत मांडली. आपल्याकडच्या कारखान्यांत तिला 'स्पार्क इरोजन' म्हणतात.

या यंत्रात कामाचा तुकडा द्रवात बुडवतात. हा द्रव पुष्कळ ठिकाणी रॉकेलच असतो. म्हणजे मिस्त्रीने पहिल्या रात्री आट्यांत सोडलेले रॉकेल इथे पुन्हा भेटते. वरून तांब्याची किंवा ग्रॅफाइटची कांडी खाली येते. ती तुकड्याला टेकत नाही, केसाएवढे अंतर ठेवते, आणि त्या फटीतून ठिणग्या पडत राहतात. प्रत्येक ठिणगीच्या जागी तापमान हजारो अंशांवर जाते आणि धातूचा एक कण उडतो. ज्या इंजिनाला चालायला ठिणगी लागत नाही, त्याच्या हेडातला तुकडा शेवटी ठिणगीने काढावा, याची मला नेहमी मौज वाटते. पुढे साचे बनवणाऱ्यांनी ही पद्धत उचलली आणि तिचा पसारा वाढला. प्लॅस्टिकच्या बादलीपासून मोटारीच्या डॅशबोर्डपर्यंत कितीतरी वस्तूंचे साचे तिने कोरले जातात. पुण्या-मुंबईच्या औद्योगिक वसाहतींत 'मोडलेला टॅप काढून मिळेल' अशी पाटी दिसली, तर आत बहुधा असेच एखादे यंत्र असते.

ही ठिणगी फिरून पुन्हा डिझेल इंजिनातच आली. १९९७ मध्ये अल्फा रोमिओच्या मोटारीतून 'कॉमन रेल' पद्धत बाजारात आली आणि इंजेक्टरमधला दाब झपाट्याने वाढत गेला. आता तो वातावरणाच्या दोन हजार पटींच्याही पुढे गेला आहे. एवढ्या दाबाचा फवारा उडवणाऱ्या नोझलची भोके मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याची असतात. कडक पोलादात इतकी बारीक, तंतोतंत भोके ठिणगीने पाडली जातात. आपल्या राज्यात नोझल आणि इंजेक्टर म्हटले की नाशिकचे नाव येते. 'मायको'च्या तिथल्या कारखान्यात हेच काम होई. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, नाशिककर मात्र अजून मायको सर्कलच म्हणतात.

असा ठिणगीने कोरलेला नोझल इंजेक्टरात बसतो आणि इंजेक्टर हेडच्या भोकात. त्याच्या अंगाला साधे ग्रीस लावून चालत नाही, कारण ते जळून त्याचीच काजळी होते. उष्णतेत टिकणारी खास पेस्ट मिळते, ती लावायची, आणि तीही टोकाला लागू न देता. भोकाचे बूड घासून स्वच्छ करायचे. जुना वायसर उलटा करून पुन्हा घालण्याची सवय अनेकांना असते. तांबे एकदा दाबले गेले की कडक होते आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. इंजेक्टर उतरवला असेल तर वायसर नवा घातला का, एवढे गाडी ताब्यात घेताना मिस्त्रीला विचारा. त्याची किंमत फार नसते.